परतलेल्या सैनिकासाठी गोधडी

बेंगळूरच्या जुन्या शहरात चिकपेट नावाची पेठ आहे. कन्नड भाषेत 'चिक्क' म्हणजे लहान आणि 'पेटे' म्हणजे पेठ. तेव्हा नावाचा अर्थ 'लहान पेठ' एवढाच. केंपेगौडाने 1537 च्या सुमारास हे नगर वसविले, तेव्हा पूर्व-पश्चिम जाणारा हा रस्ता आणि त्याला छेदणारी दोड्डपेटे, म्हणजे मोठी पेठ, हे दोन नगराचे मुख्य मार्ग होते. त्यांच्या आजूबाजूस एकेका मालाच्या पेठा वाढत गेल्या : अरळेपेट कापसाची, अक्कीपेट तांदळाची, बळेपेट बांगड्यांची. चिकपेटेत कापड आले आणि ते आजतागायत तेथे टिकून आहे. 2017 साली या पेठेच्या पोटातून भुयारी रेल्वे धावू लागली. परंतु वर गल्ल्या तशाच अरुंद राहिल्या, आणि दुकानदार आजही पुष्कळ ठिकाणी पांढऱ्या गादीवर मांडी घालून, गिऱ्हाइकासमोर साडीमागून साडी उलगडीत बसलेला दिसतो.

मराठी वाचकाला ही पेठ सर्वस्वी परकी नव्हे. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बेंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे वास्तव्य चिकपेटेतील गौरीमहालात होते असे परंपरा सांगते. 1687 मध्ये ते मोगलांच्या हाती पडले, आणि पुढे तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयराकडे गेले. राज्य गेले तरी माणसे राहिली. नामदेव शिंपी आणि भावसार या कापडावर जगणाऱ्या समाजांची मराठी वळणाची बोली या पेठांतील घरांतून अजून ऐकू येते. शिवणे आणि रंगविणे हे या घरांचे पिढीजात काम.

या गावाला दुसरेही एक अंग आहे. 1809 मध्ये इंग्रजांनी श्रीरंगपट्टणची फौज हलवून पेठेच्या पूर्वेस हलसूरकडे छावणी वसविली. 1780 साली उभारलेले मद्रास सॅपर्स, म्हणजे अभियंता सैनिक, 1834 मध्ये येथे आले आणि त्यांचे केंद्र आजही येथेच आहे. पेठ आणि छावणी ही दीर्घकाळ दोन निराळी नगरे होती. दोहोंच्या नगरपालिका वेगळ्या, भाषा वेगळ्या, आणि मध्ये एक मोठे उद्यान. 1949 साली महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा ती कायद्याने एक झाली. पेठेतल्या घरातून एखादा मुलगा सैन्यात जातो आणि काही वर्षांनी परत येतो, तेव्हा त्या घरात हे दोन भाग पुन्हा समोरासमोर येतात. घरातल्या स्त्रियांनी त्याच्यासाठी गोधडी शिवावयाची ठरविली तर त्या गोधडीत कोणाचा वाटा किती असावा, हा या पाठाचा विषय आहे. मापे आणि टाके पुढे येतीलच; परंतु मापांच्या आधी या प्रश्नाचा निकाल लावणे आवश्यक आहे.

बहुतेकांची पहिली कल्पना अशी असते की, बाजारातून हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे लष्करी छापाचे कापड आणावे, त्यावर रणगाडे व बंदुका कापून चिकटवाव्यात, मध्यभागी तिरंगा आणि चार कोपऱ्यांत पलटणीचे मानचिन्ह. हौस समजण्यासारखी आहे. परंतु ज्याच्यासाठी हे सारे करावयाचे, तो मनुष्य या वस्तूखाली झोपणार आहे, हे येथे विसरले जाते. गोधडी ही भिंतीवर लावण्याची तसबीर नव्हे. पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून आलेला शिपाई असो, की 2022 पासून सुरू झालेल्या चार वर्षांच्या योजनेतून विशीच्या मध्यावर परतलेला तरुण असो, अर्ध्या रात्री जाग आल्यावर त्याच्या हाताला काय लागावे आणि डोळ्यांना काय दिसावे, हा विचार आधी केला पाहिजे.

सैनिक आणि गोधडी यांचा संबंध जुना आहे, आणि नवल असे की त्यातील काही अतिशय सुंदर गोधड्या सैनिकांनीच शिवलेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेतील शिपाई आणि पलटणींचे शिंपी गणवेशाच्या बनातीचे तुकडे जोडून पांघरुणे तयार करीत. यांतील काही हिंदुस्थानातील छावण्यांत तयार झाली. बनात हे दाट, कुटून घट्ट केलेले लोकरी कापड. कापले तरी त्याचे धागे सुटत नाहीत. त्यामुळे शिलाईसाठी जास्तीचे कापड न सोडता दोन तुकडे कडेला कड लावून जोडता येतात. लाल, काळे, पिवळे, पांढरे असे बोटाच्या पेराएवढे तुकडे हजारोंनी जोडून केलेली ही कामे आज संग्रहालयांत आहेत. टॉमस वुड या चित्रकाराचे 1856 चे एक चित्र लंडनच्या शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयात जपून ठेवलेले आहे. क्रिमियाच्या युद्धात इंकरमन येथे 1854 मध्ये कवटीला जबर इजा झालेला टॉमस वॉकर नावाचा शिपाई रुग्णालयाच्या खाटेवर बसून रंगीत तुकड्यांची गोधडी शिवीत आहे, असे ते दृश्य आहे. डोक्याची जखम भरत आलेली, आणि हाताला काम. अशा सर्वच गोधड्या जखमी शिपायांच्या हातच्या होत्या असे मात्र मानू नये. पुष्कळ कामे इतकी सफाईदार आहेत की ती सरावलेल्या शिंप्याचीच असावीत, असे जाणकारांचे मत आहे.

दुसरे उदाहरण सिंगापूरचे. 15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर जपान्यांच्या ताब्यात गेले आणि तेथील युरोपीय नागरिकांना चांगी तुरुंगात डांबण्यात आले. स्त्रिया व मुले एका भागात, पुरुष दुसऱ्या भागात. आपला नवरा अथवा भाऊ जिवंत आहे की नाही याचा स्त्रियांना पत्ता नव्हता, आणि निरोप पाठविण्यास बंदी होती. एथेल मुल्वानी या कॅनेडियन बाईंनी सुचविले की, जखमी सैनिकांसाठी गोधड्या कराव्यात. प्रत्येक स्त्रीला एक चौकोनी तुकडा देण्यात आला. त्यावर तिने आपले नाव आणि स्वतःविषयीचे काहीतरी भरावे, एवढीच सूचना होती. सहासष्ट चौकोनांची एक, अशा तीन गोधड्या झाल्या : एक ब्रिटिशांसाठी, एक ऑस्ट्रेलियनांसाठी आणि एक जपानी जखमींसाठी. तिसरी केली नसती तर पहिल्या दोन तुरुंगाबाहेर जाऊ दिल्या जाणे कठीणच होते. या चौकोनांवर तोफा नाहीत. फुले आहेत, घर आहे, कोठडीचे चित्र आहे, एखादा विनोद आहे. आणि नाव आहे. रुग्णालयात पडलेल्या नवऱ्याने आपल्या बायकोचे नाव वाचावे आणि ती जिवंत असल्याचे त्याला कळावे, हा त्या गोधडीचा खरा उपयोग होता. यांपैकी दोन गोधड्या आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात, तर ब्रिटिशांसाठी केलेली ब्रिटनच्या रेडक्रॉसकडे आहे.

अमेरिकेत 2003 साली कॅथरिन रॉबर्ट्स या बाईंनी, त्यांचा मुलगा इराकमध्ये असताना, परतलेल्या सैनिकांना गोधड्या देण्याची चळवळ सुरू केली. आजवर तेथे लाखो गोधड्या दिल्या गेल्या आहेत. तिच्या नियमांत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. गोधडी पुऱ्या मापाची, म्हणजे मोठ्या माणसाला गुंडाळून घेता येईल अशी असली पाहिजे. आणि तिच्या पाठीवर ती कोणी केली हे सांगणारी चिठ्ठी शिवलेली असली पाहिजे. शोभेची लहान वस्तू चालत नाही, आणि निनावी वस्तूही चालत नाही.

आता काय घालू नये ते पाहू. पहिली गोष्ट राष्ट्रध्वज. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणारा 1971 चा कायदा आणि 2002 ची ध्वजसंहिता यांनुसार ध्वज उशीवर, हातरुमालावर किंवा पेहरावाच्या कापडावर भरता अथवा छापता येत नाही. कमरेखालच्या वस्त्रातही तो वापरता येत नाही. गोधडी पायांवर येते, जमिनीवर पडते, तिच्यावर मूल लोळते. कायद्याच्या यादीत तिचे नाव असो वा नसो, हेतू स्पष्ट आहे. हुबळीजवळ बेंगेरी येथे ज्या खादी संस्थेत राष्ट्रध्वज तयार होतो, तेथे अशोकचक्राच्या आऱ्यांपासून शिलाईच्या टाक्यांपर्यंत सारे मोजून घेतले जाते. ज्या वस्तूला एवढे नियम आहेत ती अंथरुणात आणू नये, हेच बरे. दुसरी गोष्ट सिंहमुद्रा. सैन्याच्या अनेक चिन्हांत अशोकस्तंभाचे सिंह असतात आणि 2005 च्या कायद्याने त्यांच्या वापरावर बंधने घातली आहेत. तिसरी गोष्ट लष्करी छापाचे बाजारी कापड. भारतीय सैन्याने जानेवारी 2022 मध्ये नव्या नमुन्याचा रणवेश जाहीर केला आणि त्या नमुन्याचे हक्क स्वतःकडे नोंदवून घेतले. तो नमुना दुकानातून मागू नये, आणि कोणी देऊ केला तरी घेऊ नये.

इतके वगळल्यावर गोधडीत लष्कराचे असे उरते काय, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर एका पदकाकडे पाहिल्यास मिळते. परमवीर चक्र हे आपले सर्वोच्च युद्धपदक सावित्रीबाई खानोलकर यांनी रेखाटले. त्या 1913 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जन्मल्या, 1932 मध्ये विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून येथल्या झाल्या आणि संस्कृतचा त्यांनी अभ्यास केला. हे पदक काशाचे, दीड इंचाहूनही कमी व्यासाचे आहे. मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राचे चार वज्र. वज्र अशासाठी की ते घडविण्यास दधीची ऋषींनी स्वतःची हाडे दिली. फीत साधी जांभळी, तिच्यावर एकही रेघ नाही. त्यावर ना तलवारीचा सडा आहे, ना शत्रूचे मुंडके. अर्थ जितका मोठा तितके चिन्ह लहान ठेवता येते, हे या बाईंना पुरते उमगले होते.

म्हणून माझा सल्ला असा की, लष्कर गोधडीत रंगाने आणावे, चित्राने नव्हे. प्रत्येक पलटणीला आपले रंग असतात आणि ते तिच्या माणसाला नजरेच्या कोपऱ्यातूनही ओळखू येतात. बेळगाव, कोल्हापूर, सातारा या भागांतील आणि कर्नाटकातील पुष्कळ मराठी घरांतली मुले मराठा लाइट इन्फन्ट्रीत जातात. या पलटणीचा उगम 1768 चा, केंद्र 1922 पासून बेळगावात. तिच्या शिपायाच्या टोपीवरील तुरा लाल आणि हिरवा. गोधडीत लाल व हिरवी पट्टी शेजारी शेजारी आली की शेजारणीला ती नुसती रंगसंगती वाटेल. ज्याला कळावयाचे त्याला कळेल. दुसऱ्या पलटणीचा मुलगा असेल तर रंग त्यालाच विचारावेत. पदकाच्या फितीचे रंग घ्यावयाचे असतील तर ते पदक त्याला मिळालेले असलेच पाहिजे. वीर चक्राची फीत अर्धी गडद निळी व अर्धी केशरी, महावीर चक्राची अर्धी पांढरी व अर्धी केशरी असते. हे रंग सुरेख दिसतात म्हणून कोणी सहज जोडले, तर ते ज्याला मिळालेले नाहीत त्याला त्या गोधडीखाली झोप लागणार नाही.

त्याच्या जुन्या गणवेशाचे काय? तो कापावा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार फक्त त्याचा आहे. या गोष्टीवरून घरात रुसवे झालेले मी पाहिले आहेत. अचंबित करण्याच्या नादात ट्रंकेतला शर्ट काढून त्यावर कात्री चालविली जाते आणि तो शर्ट नेमका कोणत्या दिवसाचा होता हे नंतर कळते. म्हणून आधी विचारावे. तो नाही म्हणाला तर कारण विचारू नये. साध्या हिरव्या सुती कापडाने काम भागते. हो म्हणाला तर नावाची पट्टी, खांद्यावरची चिन्हे आणि बटणे उसवून एका पिशवीत घालून त्याच्या हाती द्यावीत, आणि मगच कात्री घ्यावी.

उरलेले सारे कापड घरचे असावे. आपली गोधडी मुळात जुन्या वस्त्रांचीच असते. वाकळ, लेपटे, कौदी या तिच्या बहिणीही तशाच. नवे कापड मांजरपाटाचे असो की रेशमाचे, त्याला धुवून धुवून आलेला मऊपणा कोठून येणार? आईचे नऊवारी लुगडे, वडिलांचे धोतर, आजीच्या चोळीचा खण, शाळेत असताना त्यानेच घातलेला पांढरा शर्ट, अशी वस्त्रे काढावीत. चिकपेटेत केवळ दोनच गोष्टींसाठी जावे : पलटणीच्या रंगाचे पक्क्या रंगाचे सुती कापड, लाल व हिरवे प्रत्येकी एक मीटर, आणि दोरा. लाल कापडाची परीक्षा दुकानातच करावी. पांढरा हातरुमाल ओला करून कापडावर घासावा. रुमाल गुलाबी झाला तर कापड परत करावे, कारण एक लाल पट्टी धुण्यात सुटली की साऱ्या गोधडीचा नाश होतो. पेठेतले दुकानदार या परीक्षेने रागावत नाहीत. रागावलाच तर दुकाने पुष्कळ आहेत.

माप पाच फूट बाय सात फूट, म्हणजे 60 इंच बाय 84 इंच घ्यावे. बारा इंची चौकोन आडवे पाच व उभे सात लावले की हे माप भरते. एकूण चौकोन 35. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकाआड एक 18 चौकोन सलग कापडाचे आणि 17 चौकोन पट्ट्यांचे करावेत. चारही कोपऱ्यांत सलग चौकोन येतात. प्रत्येक तुकडा जोडताना चारी बाजूंनी पाव इंच माया सोडावी लागते. शिंप्यांनी या जास्तीच्या कापडाला 'माया' हे नाव का दिले असावे, हे निराळे सांगावयास नको. ती आत राहते, दिसत नाही, आणि ती कमी पडली की शिवण सुटते. तेव्हा सलग चौकोन साडेबारा इंचांचा कापावा. पट्ट्यांच्या चौकोनात सहा पट्ट्या, प्रत्येक अडीच इंच रुंद व साडेबारा इंच लांब कापलेली. शिवल्यावर ती दोन इंचांची होते. अशा एकूण 102 पट्ट्या लागतात. त्यांची वाटणी अशी : 17 पट्ट्या गणवेशाच्या, 34 पलटणीच्या रंगांच्या आणि 51 घरच्या वस्त्रांच्या. सलग चौकोन तर सर्वच्या सर्व घरचे. पेठेचा वाटा आणि छावणीचा वाटा यांचा हिशेब मला असा योग्य वाटतो. मध्यम मापाच्या गणवेशाच्या शर्टाची पाठ सुमारे 20 इंच रुंद व 25 इंच उंच मिळते; तीतून आडव्या आठ व उभ्या दोन, अशा 16 पट्ट्या निघतात. सतरावी बाहीतून काढावी. म्हणजे एका शर्टात काम होते, आणि बाकीचा गणवेश ट्रंकेत सुखरूप राहतो.

एक अडचण येथे सांगितली पाहिजे. गणवेशाचे कापड बहुधा टेरिकॉटचे असते, लुगडे सुती. सुती कापड पाण्यात आटते, टेरिकॉट आटत नाही. सुती कापडाला कडक इस्त्री चालते, टेरिकॉट तिने चिकटते. याकरिता सर्व कापड कापण्यापूर्वी गरम पाण्यात धुवून वाळवावे, आणि जोडलेल्या चौकोनावर इस्त्री फिरविताना ती टेरिकॉटच्या मानाने मंद ठेवावी. गणवेशाची पट्टी चौकोनाच्या मध्ये न घेता कडेला घेतल्यास ताण कमी पडतो.

पाठ आणि आतला थर एकाच नऊवारी लुगड्यातून निघतो. नऊ वार म्हणजे 324 इंच. पन्हा 45 इंच धरू. 66 इंचांचे चार तुकडे कापावेत. त्यांना 264 इंच लागतात. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की 66 बाय साडेएकोणनव्वद इंचांचे एक सलग वस्त्र होते. असे एक पाठीसाठी, एक आत. गोधडी 60 बाय 84 ची, तेव्हा चारी बाजूंनी थोडे कापड बाहेर राहते. ते शेवटी छाटावे. उरलेल्या 60 इंचांतून कडेची गोठ निघते. कडेचा घेर 288 इंच भरतो. अडीच इंच रुंदीच्या पाच पट्ट्या जेमतेम पुरतात, म्हणून सहा कापाव्यात. जुन्या लुगड्याचा मधला भाग विरलेला असतो. तो आतल्या थरात जाईल असे पाहावे. पन्हा प्रत्येक लुगड्याचा सारखा नसतो, तेव्हा हा हिशेब मोजून घेतल्यावाचून वापरू नये.

बेंगळूरच्या हवेला हे तीन थर पुरतात. गाव समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवर असल्याने रात्री गारवा असतो, पण कडाका नसतो. बेळगावच्या बाजूला राहणाऱ्याने मध्ये एक जुने धोतर घालावे. कापूस मात्र भरू नये. कापसाची रजई उबदार खरी, परंतु ती धुता येत नाही. कापसाचे गोळे झाले की पिंजाऱ्याकडे न्यावी लागते, आणि पिंजारी आता शोधूनही सापडत नाही.

थर एकावर एक पसरून हातभर अंतरावर कच्चे टाके घालावेत. घरात जागा नसेल तर गच्चीवर, सकाळी वारा नसताना. त्यानंतर खरे काम, धावदोरा. ओळी एकमेकींपासून इंचभर अंतरावर ठेवल्या तर एकूण शिलाई 5040 इंच, म्हणजे 140 वार भरते. इंचाला चार-पाच टाके धरल्यास वीस ते पंचवीस हजार टाके होतात. एकटीने करावयाचे तर महिने जातात. जपानमध्ये युद्धावर निघालेल्या शिपायाला पांढऱ्या कापडाचा एक कमरपट्टा देत. त्यावर हजार स्त्रियांनी प्रत्येकी एक, असे हजार लाल टाके घातलेले असत. आया व बहिणी हा पट्टा घेऊन रस्त्यात उभ्या राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईकडे एका टाक्याची याचना करीत. तो पट्टा गोळी लागू नये म्हणून होता. आपली गोधडी गोळीचे दिवस सरल्यानंतरची. परंतु टाके वाटून घेण्याची रीत घेण्यासारखी आहे. शेजारणी, आत्या, मामी, शाळेतल्या बाई यांनी यावे आणि एकेक ओळ घालावी. टाके सारखे येणार नाहीत. ते उसवून नीट करण्याचा मोह आवरावा. कोणती ओळ कोणाची हे त्यावरूनच तर सांगता येते.

ओळी कोठून सुरू कराव्यात? उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर या भागांत सिद्दी समाजाच्या स्त्रिया गोधड्या शिवतात. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचे हे वंशज. आज कोकणी, कन्नड, मराठी बोलतात. त्यांची गोधडी कोपऱ्यापासून सुरू होते आणि कडेकडेने फिरत आत आत जात मध्यावर संपते. चारी कोपऱ्यांवर त्या दुमडलेल्या कापडाचे त्रिकोण बसवितात, त्यांस 'फुले' म्हणतात. फुलांवाचून गोधडी त्यांना उघडी-नागडी वाटते. आपल्या गोधडीसाठी हीच पद्धत मला पसंत आहे. तिच्यात कडा आधी पक्क्या होतात, आणि शेवटचा टाका मधल्या चौकोनात पडतो. फुले आजीच्या खणाची करावीत.

मधला चौकोन, म्हणजे चौथ्या ओळीतला तिसरा, पट्ट्यांच्या चौकोनांपैकी येतो. त्याच्या सहाही पट्ट्या मुलाच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टाच्या ठेवाव्यात आणि त्यावर काहीही भरू नये. पुढे त्याला वाटले तर एखाद्या ठाण्याचे नाव, न परतलेल्या सोबत्याच्या नावाचे पहिले अक्षर, किंवा एखादी तारीख तो सांगेल. तेव्हा ती भरता येईल. पाठीवर, पायाकडच्या कोपऱ्यात, चिठ्ठी शिवावी : शिवणाऱ्यांची नावे, गाव, साल. त्याचा हुद्दा व क्रमांक तेथे लिहू नये. घरात त्याला जे नाव आहे ते लिहावे.

देण्याच्या वेळी समारंभ करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हार, औक्षण, छायाचित्र. आल्या दिवशी औक्षण जरूर करावे, परंतु गोधडी त्या वेळी देऊ नये. चार लोकांसमोर घडी उलगडावी लागली की त्याला काहीतरी बोलावे लागते. रात्री अंथरुण घालताना ती पायथ्याशी ठेवून द्यावी. पुष्कळ माणसे परतल्यावर महिनोन्महिने नीट झोपत नाहीत, दिवा चालू ठेवतात, भिंतीला पाठ लावून पडतात. गोधडीने हे बरे होते असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. तसे दीर्घकाळ चालले तर डॉक्टरकडे गेलेच पाहिजे, आणि लष्करी रुग्णालयांत त्याची सोय असते. पांघरूण पांघरुणाचे काम करते. ज्याच्या हाताला इजा झाली आहे त्याला जड गोधडी एका हाताने ओढता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे; अशा वेळी आतला थर वगळून दोनच थर करावेत.

पहिल्या वर्षी ती दोन-तीनदाच, थंड पाण्यात, रिठ्याने धुवावी, पिळू नये, आणि दांडीवर सावलीत वाळवावी. झिजते ती नेहमी हनुवटीकडची कड. म्हणून त्या बाजूच्या गोठेवर लुगड्याच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची आणखी एक दुहेरी पट्टी मोठ्या टाक्यांनी वरून बसवावी. ती मळली अथवा फाटली की उसवून बदलता येते. बदलीच्या दोन पट्ट्या शिवून, इस्त्री करून, त्याच्या बटणांच्या पिशवीशेजारी ट्रंकेत ठेवाव्यात.